परतीच्या पाण्याचा हिशेब : बच्छावत निवाडा गाणगापूरच्या संगमावरून वाचताना

भीमाकाठावर आपल्या मंडळींनी आजवर काही कमी लिहिलेलं नाही. भीमा-सीनेच्या संगमावरचा हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख, बोरीवरचा नळदुर्गचा पाणीमहाल, सन्नतीचा स्तूप, गाणगापूरचा निर्गुण मठ, घाट, ओवऱ्या, दीपमाळा. प्रत्येकावर टिपणं आहेत, छायाचित्रं आहेत, आणि एकमेकांच्या चुका काढणारी उत्तरंही आहेत. पण ह्याच नदीविषयीचा एक मोठा कागद आपण कुणी ऐतिहासिक साधन म्हणून हातात घेतला नाही. तो कागद म्हणजे कृष्णा पाणी तंटा लवादाचा निवाडा. लोक त्याला अध्यक्षांच्या नावावरून बच्छावत निवाडा म्हणतात. पहिला अहवाल डिसेंबर १९७३ चा, पुढचा मे १९७६ चा. म्हणजे कागद पन्नाशीला पोचलाय. एखाद्या देशमुखाच्या वतनाचा महजर आपण भिंग लावून वाचतो. भीमेच्या पाण्याचं वतन कुणाला किती, हे ठरवणारा हा महजरच आहे. तोही तसाच वाचायला हवा.

मी तो एका प्रश्नासाठी वाचला. गाणगापूरला भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमावर रोज माणसं नाहतात, चूळ भरतात, तीर्थ म्हणून ओंजळभर पितात. ते पाणी माणसाच्या पोटात जाण्याजोगं राहावं, ह्याची तजवीज ह्या निवाड्यात कुणावर टाकली आहे? उत्तर थोडक्यात सांगायचं तर कुणावरच नाही. पण हे उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, म्हणून हे टिपण.

आधी कागदाची ओळख. १९५१ च्या जुलैत दिल्लीत एक वाटणी झाली होती. तेव्हा आपला भाग हैदराबाद संस्थानातून नुकताच निघून हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, सोलापूर मुंबई राज्यात राहिलं, आणि जुनी वाटणी सगळ्यांना पटेना. १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. त्यांनी शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी नदीत किती पाणी भरवशाने मिळेल ते धरलं : २०६० टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. शिवाय उपखोऱ्यांवर मर्यादा घातल्या : महाराष्ट्राने वरच्या भीमा खोऱ्यातून ९५ टीएमसीहून जास्त घ्यायचं नाही, कर्नाटकाने भीमेच्या मुख्य प्रवाहातून १५ हून जास्त नाही.

कागद म्हणून तो वाचनीय आहे, हे मी आवर्जून सांगेन. सरकारी कागदांत सहसा जी गोलमाल भाषा असते ती ह्यात नाही. कोणता दावा का मानला, कोणता का फेटाळला, हे मुद्द्याने येतं. सप्टेंबर १९६० पर्यंत जे पाणी प्रत्यक्ष वापरात आलं होतं त्याला बहुतांशी संरक्षण दिलं, आणि तसं का दिलं हेही सांगितलं. जुन्या पंचायतींचे निवाडे वाचलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल : आधी कब्जा पाहायचा, मग गरज, मग वाटा. ज्यांना हा निवाडा फक्त 'आपल्यावर अन्याय' म्हणून ऐकून माहीत आहे (तिन्ही राज्यांत असे लोक भरपूर) त्यांनी तो एकदा स्वतः वाचावा.

आता खोट कुठे आहे ते बघू. अंतिम आदेशाच्या सहाव्या कलमात पाण्याचा 'हितकारक वापर' कशाकशाला म्हणायचं त्याची यादी आहे. घरगुती, नगरपालिकेचा, शेतीचा, कारखान्याचा, वीजनिर्मितीचा, नौकानयनाचा, मत्स्यपालनाचा, वन्यजीवांचा आणि चक्क करमणुकीचाही. यादी उदार आहे. पण नदी आज सगळ्यात जास्त जे काम करते ते ह्या यादीत नाही. ते काम म्हणजे गावांचा मैला वाहून नेणं. नसणंच बरोबर, असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण मग त्याच्या पुढच्या, सातव्या कलमाकडे या.

सातव्या कलमात वापर कसा मोजायचा ते आहे. सर्वसाधारण नियम असा की नदीतून जितकं पाणी कमी झालं तितका वापर. पण दोन अपवाद आहेत. गावाच्या, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी जितकं पाणी उचललं असेल त्याचे फक्त २० टक्के वापर म्हणून लिहायचे. कारखान्यासाठी उचलेल्या पाण्याचे तर फक्त अडीच टक्के.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढे सरकलो होतो. हिशेबनीसांची बाब वाटली. पण जरा थांबून विचार करा. शहराने दहा घागरी उचलल्या तर वहीत दोनच लिहायच्या. बाकीच्या आठ कुठे गेल्या? लवादाने धरलं की त्या नदीत परत आल्या. आता शहरात गेलेलं पाणी कोणत्या रूपाने परत येतं? न्हाणीघरातून, मोरीतून, संडासातून, गटारातून. म्हणजे त्या आठ घागरी म्हणजेच सांडपाणी. दुसऱ्या शब्दांत, तिन्ही राज्यांची पाणीवाटणी ज्या गणितावर उभी आहे त्या गणितात मैलापाणी ही जमेची रक्कम आहे. ते नदीत परत येणारच, यायलाच हवं, हे गृहीत आहे. फक्त ते कोणत्या अवस्थेत परत यावं, ह्याबद्दल अंतिम आदेशात एक ओळ नाही. सावकाराने उसनं दिलेलं धान्य मापाने परत मागावं, आणि किडकं की चांगलं ते विचारूच नये, तसं हे झालं.

परतीचं पाणी लवादाला किती खरं वाटत होतं ह्याचा आणखी एक पुरावा आहे. शेतीला दिलेल्या पाण्यातलं काही पाझरून पुन्हा नदीला मिळतं म्हणून त्यांनी तेही मोजलं आणि वाटून टाकलं : महाराष्ट्राला २५, कर्नाटकाला ३४, आंध्राला ११, एकूण ७० टीएमसी. म्हणूनच आज ५८५, ७३४ आणि ८११ हे आकडे ऐकू येतात. जे पाणी अजून परत यायचं आहे त्याचीही अशी काटेकोर वाटणी करणाऱ्या माणसांच्या नजरेतून त्याचा वास सुटावा, ह्याचं मला नवल वाटतं.

एक उदाहरण करून पाहू. पुणे शहराच्या मंजूर कोट्याचा ११.५ टीएमसी हा आकडा वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येतो. प्रत्यक्षात उचल त्याहून बरीच जास्त असते, पण आपण मंजूर आकडाच घेऊ. लवादाच्या रीतीने ह्यातले २.३ टीएमसी खर्ची पडले. ९.२ परत आले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. तेव्हा वर्षाचे ९.२ टीएमसी म्हणजे रोजचे साधारण ७१ कोटी लिटर पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसला भीमेत उतरतं, असं हा निवाडा मानून चालतो. जपानच्या कर्जातून पुण्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्या सगळ्यांची मिळून क्षमता रोजची ३९.६ कोटी लिटर. जुनी केंद्रं आहेत, ती वेगळी. पण तारीख पाहा. अहवाल १९७३ चा आणि नव्या केंद्रांचा करार २०१६ चा. मधल्या त्रेचाळीस वर्षांत शहर कितीतरी पटींनी वाढलं, आणि वहीत मात्र 'ऐंशी टक्के परत' ही ओळ तशीच राहिली.

मग हे पाणी जातं कुठे? आपल्या काठाच्या माणसांना हा रस्ता पाठ आहे, तरी एकदा म्हणून दाखवतो. पुण्याचं पाणी उजनीत थांबतं. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातली अर्ध्याहून जास्त मृतसाठा. पाऊस कमी झाला की ह्याच तळाच्या पाण्यावर सोलापूर जिल्हा दिवस काढतो. खाली नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते. मग पंढरपूर. पुढे टाकळी, जिथून सोलापूर शहराच्या नळाला पाणी जातं. त्यासाठी उजनीतून नदीच्या पात्रात पाणी सोडतात आणि ते पंढरपूरच्या वाळवंटावरूनच टाकळीला पोचतं. पुढे सीना मिळते, बोरी मिळते, सीमा ओलांडते. सोन्नचं बंधारं, घत्तरगी, गाणगापूर. गाणगापूरच्या खाली सरडगी, आणि तिथून गुलबर्गा शहराचं पाणी. म्हणजे एकाच्या मोरीचं तोंड दुसऱ्याच्या नळाकडे, अशी ही रांग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातले नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित ठरले. त्यात महाराष्ट्राचे सर्वांत जास्त, ५३. भीमेचा एक पट्टा टाकळीपर्यंतचा असा महाराष्ट्राच्या यादीत आहे, आणि एक गाणगापूर ते यादगीर असा कर्नाटकाच्या. गंमत अशी की दोन याद्या दोन राज्यांच्या आहेत, म्हणून दोन आराखडे, दोन अंदाजपत्रकं. नदी मात्र एकच.

इथे मला रोगराईचा मुद्दा आणायचा आहे, कारण 'घाण' ह्या शब्दाने सगळं झाकलं जातं. पाण्याला वास आला, फेस दिसला की आपण घाण म्हणतो. पण ज्याने माणूस आजारी पडतो ते बहुतेक वेळा दिसतच नाही. पंढरीच्या वारीचा आणि पटकीचा जुना संबंध आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या यात्रांतून पटकी पसरते हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सरकारच्या डोक्यात इतकं बसलं होतं की १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेतही हिंदुस्थानातल्या तीर्थयात्रांचा विषय निघाला. त्या चर्चेत एक दोष होता आणि तो अजून गेलेला नाही. सगळा दोष येणाऱ्या यात्रेकरूवर. नदीत वरून काय येतं त्याकडे पाठ.

ह्याच्या उलट बाजूचा धडा दिल्लीचा. १९५५ च्या अखेरीस यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी उलटं फिरून वझीराबादच्या पाणी उपशाच्या तोंडाशी आलं. कर्मचाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर फारसा वाढला नाही, म्हणजे जंतू मेले. पण विषाणू त्याला पुरून उरला, आणि दोनेक महिन्यांत शहरात काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. तो पुढे ई प्रकारचा कावीळ-विषाणू ठरला. देशाच्या राजधानीत, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा चालू असताना हे घडलं. आपल्याकडे पंचगंगेकाठी इचलकरंजीला २०१२ मध्ये काविळीची साथ आली ती अजून लोकांच्या आठवणीत आहे. सांगायचा मुद्दा असा की खालच्या गावाने आपलं पाणी कितीही गाळलं, औषध टाकलं, तरी वरच्या गटाराची भरपाई त्याने पुरती होत नाही. आणि संगमावर नाहणाऱ्याच्या ओंजळीत तर गाळणंही नाही, क्लोरीनही नाही.

दिल्लीची ती साथ डिसेंबर १९५५ - जानेवारी १९५६ ची. त्याच १९५६ साली संसदेने नद्यांविषयी दोन कायदे केले. एक आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा, ज्याखाली पुढे बच्छावत लवाद बसला. दुसरा नदी मंडळ कायदा. ह्या दुसऱ्या कायद्यात मंडळाने कोणकोणत्या बाबींवर सल्ला द्यायचा त्या यादीत नदीच्या पाण्याचं प्रदूषण रोखणं ही बाब स्पष्ट लिहिलेली आहे. पण त्या कायद्याखाली आजवर देशात एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. भांडायचा कायदा वापरला गेला, एकत्र बसायचा तसाच पडून राहिला. मग १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला. त्याच्या १३ व्या कलमात शेजारच्या राज्यांनी करार करून संयुक्त मंडळ नेमावं अशी सोय आहे. कर्नाटक त्या कायद्यात सुरुवातीपासून होतं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ चा होता, म्हणून त्याने केंद्राचा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. त्यालाही आता चार दशकं झाली. भीमेसाठी संयुक्त मंडळ काही झालं नाही.

आता ह्या टीकेवर जो आक्षेप येईल तो मीच मांडतो. लवादाकडे तंटा होता तो पाणी किती, ह्याचा. पाणी कसं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून न्यायाधीशांना दोष देणं रास्त आहे का? आक्षेपात तथ्य आहे. तिन्ही राज्यांच्या वकिलांनी वाट्यासाठी जिवाचं रान केलं, घाणीचा वाटा कुणी मागितला नाही. स्वाभाविकच आहे. आपल्या वकिलाने तो विषय काढला असता तर उलट आपल्याच शहरांवर आलं असतं. पण हा आक्षेप लवादाला पूर्ण सोडवत नाही. परतीचं पाणी मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी ते मोजलं, जमेला धरलं. ज्याचा हिशेब धरला त्याची प्रत पाहणं हिशेबातच येतं. आणि त्या काळात हे कुणाला सुचणं शक्य नव्हतं असंही नाही. अमेरिका आणि कॅनडा ह्यांच्यात सीमेवरच्या पाण्याबद्दल १९०९ मध्ये तह झाला. त्याच्या चौथ्या कलमात एका बाजूने पाणी असं दूषित करू नये की दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला अपाय होईल, अशी स्पष्ट अट आहे. तह पाळला गेला की मोडला, हा भाग निराळा. पण अट लिहिलेली आहे, आणि लिहिलेली अट असली की तक्रार करायला जागा असते. आपल्याला ती जागाच नाही.

आणि खेदाची गोष्ट म्हणजे २० टक्के आणि अडीच टक्के हे सूत्र इथेच थांबलं नाही. कावेरी लवादाने २००७ च्या निवाड्यात तेच वापरलं. कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये नदीत किमान प्रवाह राहावा म्हणून काही पाणी बाजूला काढलं, ही पुढची पायरी जरूर म्हणायची. पण त्या किमान प्रवाहात पाणी किती आणि गटार किती, हा प्रश्न तिथेही उरतोच.

मग करायचं काय? मला स्वतःला सगळ्यात साधा उपाय त्या वहीतच दिसतो. ऐंशी टक्क्यांची सूट बिनशर्त ठेवू नये. जे शहर पाणी शुद्ध करून परत करतं त्याने उचललेल्या पाण्याचे २० टक्के लिहावेत. जे तसंच सोडतं त्याचे पूर्ण शंभर लिहावेत. पुण्यापुरतं बोलायचं तर २.३ च्या जागी ११.५, आणि वरच्या भीमेच्या ९५ च्या मर्यादेतून तितकं वजा. असं झालं तर शुद्धीकरण केंद्राचा पैसा मागायला कुणाला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. उसाला पाणी मागणारे आमदारच तो मागतील. मैलापाण्याला वहीत किंमत असते हे महाराष्ट्राने स्वतःच मान्य केलेलं आहे : मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याने वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात शेतीसाठी द्यायचं, असा करार आहेच. म्हणजे राज्याच्या आत देवाणघेवाण चालते. सीमेवर आलं की मात्र ते 'आपोआप परत येणारं' पाणी होतं.

दुसरा उपाय संयुक्त मंडळाचा, आणि त्यात मला जर्मनीतलं एम्शर नदीचं उदाहरण उपयोगी वाटतं. खाणी आणि कारखान्यांच्या त्या दाट वस्तीत प्रत्येक गाव आपलं गटार पुढच्या गावाच्या अंगणात सोडायचं. १८९९ मध्ये नदीकाठच्या नगरपालिका, खाणी आणि उद्योग ह्यांची मिळून एकच संस्था झाली, आणि ज्याचा त्रास जितका तितकी वर्गणी अशी पद्धत बसली. सुरुवातीची दशकं त्यांनी नदीचंच उघडं गटार केलं, हेही सांगायला हवं. तिची नदी पुन्हा करायला त्यांना शंभर वर्षं लागली. तेव्हा आदर्श म्हणून मी ते सांगत नाही. एवढंच दिसतं की सांडपाण्याचं नियोजन नगरपालिकेच्या हद्दीवर संपवलं तर ते नियोजन होत नाही, आणि हद्दी ओलांडून वर्गणी ठरवता येते.

पंढरपुरात नेमकं उलट चाललं आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे हाताने मैला उचलण्याविरुद्धची जनहित याचिका चालली, नदीच्या वाळवंटातल्या राहुट्या हटल्या, वारकऱ्यांसाठी पलीकडे ६५ एकराची जागा झाली, शौचालयं वाढली. हे सगळं चांगलं झालं आणि ते न्यायालयामुळे झालं. २०१६ च्या अर्थसंकल्पात 'नमामि चंद्रभागा' आली. नावातच मर्यादा उघड होते. चंद्रभागा हे नाव पंढरपूरच्या चंद्रकोरी वळणाचं. त्याच्या वरही भीमा, खालीही भीमा. वारकऱ्याच्या मनाला भिडणारं नाव घेतलं हे समजू शकतं, पण राज्याची योजना राज्याच्या सीमेवर थांबते आणि टाकळीच्या खाली तिला कुणी विचारत नाही. गाणगापूरला येणाऱ्या भक्तांत महाराष्ट्रातले लोक केवढे असतात, हे पौर्णिमेला एसटीच्या गाड्या पाहिल्या की कळतं. तेच लोक पुण्याहून, सोलापूरहून येतात. आपणच वर सोडलेल्या पाण्यात इथे येऊन अष्टतीर्थांचं स्नान करतात. गुरुचरित्राच्या एकोणपन्नासाव्या अध्यायातलं संगममाहात्म्य पाठ असलेल्या माणसाला हे सांगायला जड जातं, पण सांगायला हवं.

गाणगापूरच्या आपल्या स्वतःच्या मैल्याचं काय, असं कुणी विचारेल. विचारलंच पाहिजे. यात्रेच्या दिवशी गावाच्या कितीतरी पट माणसं उतरतात. लॉज, भक्तनिवास, धर्मशाळा ह्यांच्या सेप्टिक टाक्या तेवढ्यासाठी बांधलेल्या नसतात. भरलेली टाकी उपसणारी गाडी तो गाळ कुठे ओतते, हा प्रश्न तीर्थक्षेत्राच्या एकाही माहितीपुस्तिकेत सापडायचा नाही. इथे कृष्णाकाठच्या वाईचं उदाहरण जवळचं आहे. घाटांचं, ढोल्या गणपतीचं ते गाव आपल्या वारसाप्रेमींना ठाऊक आहे ते देवळांसाठी. पण २०१८ पासून तिथल्या नगरपालिकेने घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरावीक वेळापत्रकाने उपसायची पद्धत सुरू केली, टाकी तुंबायची वाट न पाहता, आणि गाळासाठी वेगळं शुद्धीकरण केंद्र चालवलं. जुन्या दगडी गल्ल्या उखडून भुयारी गटार घालणं जिथे अवघड आहे, तिथे हा मार्ग वारशालाही धक्का लावत नाही. कर्नाटकात बंगळुरूजवळ देवनहळ्ळीला असं केंद्र त्याच्याही आधीचं आहे. एकट्या गाणगापूरला असं केंद्र झेपणार नाही. अफझलपूर, घत्तरगी, गाणगापूर आणि आमच्या बाजूचं आळंद मिळून एक झेपेल.

आळंदचं नाव मुद्दाम घेतलं. मादन हिप्परग्यात बसून पुण्याच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, आणि भीमेच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण संगमाला दोन नद्या लागतात. अमरजा आमच्या तालुक्याची. कोरळ्ळीच्या धरणापासून संगमापर्यंत ती आळंद आणि अफझलपूर ह्या दोनच तालुक्यांतून वाहते, एकाच राज्यात, एकाच जिल्ह्यात. तिच्यासाठी लवाद नको, तह नको, १३ व्या कलमाचं मंडळ नको. तिच्यात कोणकोणते ओढे, कोणत्या गावाची गटारं उतरतात, ह्याचा नकाशा करायला एक जिल्हा पंचायत आणि चार उत्साही माणसं पुरतात. आपल्या मंडळाने अमरजेच्या काठचे वीरगळ मोजायची मोहीम ह्या हिवाळ्यात घ्यायचं ठरवलंच आहे. त्याच फेरीत, त्याच वहीत, वीरगळाच्या शेजारी गटाराचं तोंडही नोंदवावं अशी माझी सूचना आहे.